आवृत्ती चार

सोमवारी सकाळी सव्वाआठला वसुंधरा तळोज्याच्या कारखान्यात पोचली, तेव्हा तंत्रज्ञ प्रितम उघड्या कपाटासमोर उभा होता.

"मॅडम, माजा डबा नाय."

जेवणाचा डबा नव्हे. कंपनी वायुगळतीची सूचना देणारी यंत्रं बनवायची. प्रितमने पाळी संपल्यावर थांबून थांबून, दोन वर्षांत, एका स्टीलच्या डब्यात स्वतःचं यंत्र बसवलं होतं. त्याचे वडील धर्मराज उरणची होडी सोडून एका केमिकल कारखान्यात कंत्राटी कामाला लागले होते. तिथे गळती झाली आणि भोंगा उशिरा वाजला. तेव्हापासून चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायची.

गुरुवारी प्रितमने चाचणी घेतली. त्याचा डबा कंपनीच्या यंत्राआधी चाळीस सेकंद वाजला. निकाल त्याने त्याच दिवशी डिझाइन प्रमुख अवधूतना दाखवला होता.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या गेटवरच्या फळीवर टांगलेल्या असत, कुणीही न्याव्यात.

मंगळवारी आयएसओ प्रमाणपत्रासाठीचं ऑडिट होतं. वसुंधरा गुणवत्ता विभागाची प्रमुख. शुक्रवारचा अख्खा दिवस तिने जुने फॉर्म गोळा करून फाडण्यात आणि नवे छापून घेण्यात घालवला होता. तरीही ती आधी गेटवर गेली.

"शनिवारी बाहेर काय गेलं?" तिने आनंदा वॉचमनला विचारलं.

"भंगाराचा टेम्पो."

"तपासलात?"

"कागद तपासला. कागदाशिवाय मी सुईसुद्धा सोडत नाही, मॅडम."

त्याने फाइल पुढे केली. स्टील डबा, एक. निरुपयोगी. तारीख मागच्या मंगळवारची. खाली सही.

सही वसुंधराची होती.

तिने कळंबोलीच्या भंगारवाल्याला फोन लावला. माल शनिवारीच दाबून पुढे गेला होता.

ती टेबलाशी येऊन बसली. प्रितमने या डब्यासाठी तीनदा प्रस्ताव दिला होता आणि तिन्ही वेळा तिच्याच विभागाने 'फॉर्म अपूर्ण' असा शेरा मारून परत पाठवला होता. हा भंगाराचा फॉर्म मात्र पूर्ण होता. एकही रकाना रिकामा नव्हता. तिने तो पुन्हा पाहिला, या वेळी कोपऱ्यापासून. मग फॉर्मवाटपाचं रजिस्टर मागवलं, एक पान वाचलं आणि मालक देवेश यांच्या केबिनमध्ये अवधूत आणि प्रितमला बोलावून घेतलं.

"या कागदावर मंगळवारची तारीख आहे," ती म्हणाली. "म्हणजे गुरुवारच्या चाचणीआधीच डबा बाद झाला होता, असं दिसावं. पण कोपऱ्यात छापलंय, आवृत्ती चार. ही आवृत्ती मी शुक्रवारी काढली. मंगळवारी हा कागद जगात नव्हता."

"मग सही?" देवेशनी विचारलं.

"माझीच. शुक्रवारी संध्याकाळी चाळीस कागदांचा गठ्ठा आला. सगळे रकाने भरलेले दिसले, मी सह्या करत गेले. वाचलं नाही." तिने रजिस्टर फिरवून ठेवलं. "नवे फॉर्म शुक्रवारी एकाच माणसाने नेले. बाकीचे विभाग आज नेणार आहेत. एरवी हे गृहस्थ शिपाई पाठवतात, त्या दिवशी स्वतः आले. गठ्ठाही त्यांनीच आणला. अवधूत, डबा कपाटातून तुम्ही काढलात?"

अवधूतनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो."

"का?"

"कारण तो बरोबर होता. ऑडिटरने विचारलं असतं, नोंद नसलेलं हे यंत्र कसलं? मग चाचणी निघाली असती आणि माझं मंजूर डिझाइन पुन्हा उघडावं लागलं असतं. अकरा सह्या, आठ महिने." ते प्रितमकडे न बघता बोलत होते. "मीही असे डबे बनवायचो. एकेकासाठी नऊ फॉर्म भरायचो. मग बनवणं सोडलं, भरणं राहिलं."

देवेश म्हणाले, उद्याचं ऑडिट होऊन जाऊ दे, नंतर बघू.

वसुंधराने तेवढं ऐकलं नाही. स्वतःच्या सहीसकट सगळा प्रकार लिहून तिने मंगळवारी ऑडिटरपुढे ठेवला. त्याने शांतपणे वाचला आणि किरकोळ त्रुटी नोंदवली: फॉर्मवरील तारीख चुकीची. उपाय म्हणून कर्मचाऱ्यांना तारीख लिहिण्याचं प्रशिक्षण द्यावं. प्रमाणपत्र मिळालं. प्रशिक्षण अवधूतनी दिलं.

शुक्रवारी प्रितम राजीनामा घेऊन आला. तिने त्याला बसवलं, माफी मागितली, म्हणाली, पुन्हा बनव, या वेळी प्रस्ताव मी स्वतः भरून देते.

"बनवनार हाय मॅडम," तो म्हणाला. "पन हितं नाय."

तिने राजीनामा वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, दोनदा. मग सही केली.