शोधनिबंधावरचं तिसरं नाव

तेलकट फरशीवरून पल्लवीचा पाय सटकला, तेव्हा हातातला रिकामा कॅन एकीकडे गेला आणि ती दुसरीकडे. धावत आलेल्या माणसानं आधी कॅन उचलला... मग तिच्याकडे पाहिलं.

“कॅन बराबर हाय. तुमाला लागलं न्हाई ना?”

तिला हसू आवरेना.

कनेरगाव नाक्याजवळच्या त्या कारखान्यात ढाब्यांवरच्या जळक्या तेलाचं बायोडिझेल बनायचं. तो माणूस शंकरसिंग, तिथला ऑपरेटर, बारावी शिकलेला. पल्लवी हट्टा गावची, शहरात पीएचडी करणारी. तिला हवं होतं ते डिझेल काढल्यावर खाली उरणारं काळं, चिकट ग्लिसरीन. उत्प्रेरकाचा लेप दिलेली निकेलची जाळी त्याच्या द्रावणात बुडवून वीज सोडली, की त्या टाकाऊ मालाचं फॉर्मिक आम्ल होतं. चामड्यापासून रबरापर्यंत कामी येणारं. शुद्ध ग्लिसरीनवर जाळी छान चालायची. कारखान्यातल्या मालावर मात्र तासाभरात मान टाकायची.

ती दर शनिवारी येऊ लागली. शंकरसिंग चहा सांगायचा, प्रयोगाचं विचारायचा, आणि ऐकताना तिच्या कपाळावरच्या बटेकडे पाहत राहायचा. तिला ते कळायचं. बट ती मागे सारायची नाही.

एकदा त्यानं मेलेली जाळी बोटानं चोळून पाहिली. डिझेल बनवताना तेलाचा होतो तो साबण हिच्यावर बसलाय, म्हणाला. मग त्यानंच आधी ग्लिसरीनमध्ये आम्ल घालून साबण फोडला, वर तरंगलेली चरबी काढून टाकली. जाळी आठवडाभर चालली. पल्लवीनं आनंदानं त्याचा हात धरला... आणि मग तो सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

“आता काहून येशील हितं?” त्यानं हळूच विचारलं.

“ग्लिसरीन न्यायला.”

“अन् ते संपल्यावर?”

“तू हाईस की.”

शोधनिबंधावर तिसरं नाव तुझं, असा तिनं शब्द दिला. त्यानं आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग कागदावर नीट लिहून दिलं आणि घरी आईलाही सांगितलं.

पीएचडीच्या मार्गदर्शक सरांनी ते नाव खोडलं. ऑपरेटरचं नाव घालतात का कुठं, म्हणाले, आणि ओळखीच्या एका प्राध्यापकाचं घातलं. जर्मनीच्या फेलोशिपसाठी पल्लवीला शिफारस हवी होती, ती सरांचीच. ती गप्प बसली. शंकरसिंगला पुढच्या शनिवारी सांगू, असं मनाशी म्हणाली. मग त्याच्या पुढच्या... आणि मग तिनं जाणंच सोडलं.

फेलोशिप मिळाल्यावर ती कारखान्यात त्याला भेटायला गेली. त्यानं निबंध मोबाइलवर शोधून, एकेक शब्द लावत, पुरता वाचला होता.

“साबण फोडायची रीत ‘आम्ही शोधली’ असं लिहिलंय,” तो म्हणाला. “ते आम्ही कोण गं?”

तिनं सरांचं सांगितलं, शिफारशीचं सांगितलं. रडली. शेवटी म्हणाली, “माझं प्रेम हाय तुझ्यावर. हे तरी खोटं न्हाई.”

“म्हाईत हाय मला. नाव गेल्याची तकलीफ न्हाई एवढी. तू चार महिने बोलली न्हाईस, त्याची हाय. उद्या चार लोकांत मी तुझा कोण हे सांगायची वेळ आली, तर अशीच गप बसशील.”

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं... पण शब्द निघाला नाही. तो पंप सुरू करायला आत गेला.

दुसऱ्या वर्षी जर्मनीतल्या एका परिषदेत कुणीतरी विचारलं, ही साबणाची युक्ती कोणाची? पल्लवी उठली आणि भर सभेत तिनं शंकरसिंगचं नाव घेतलं, आडनावासकट. लोकांनी ते वहीत लिहून घेतलं.

बाहेर येऊन तिनं त्याला फोन लावला. एका बाईनं उचलला.

“हे आंघोळीला गेलेत,” ती म्हणाली. “तुमी कोण बोलून राहिल्या?”

पल्लवीनं फोन ठेवला.