धोंडू अडतो कुठे?

स्वयंपाकघरात धोंडूनं माझ्या केसांचे तीन पेड हातात घेतले, दोन वळसे घातले आणि तो थांबला. बाहेर शाळेची बस भोंगा वाजवत होती. मला जागचं हलता येईना, कारण माझे केस त्याच्या मुठीत होते.

"धोंडू, सोड ना."

उत्तर नाही. त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा तेवढा मिचमिचत राहिला. बस निघून गेल्यावर त्यानं तिसरा वळसा घातला आणि शांतपणे विचारलं, "रिबीन कोणती बांधू, ताई?"

धोंडू आमचा यंत्रमानव. आईची बदली नांदेडला झाली तेव्हा बाबांनी त्याला जुन्यात घेतला. तो बुटका आणि भलताच जड आहे, म्हणून मी त्याचं नाव धोंडू ठेवलं. पाढे मला त्यानंच शिकवले, आणि ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्याही त्यानंच ठेवल्या. महिन्याभरापासून मात्र त्याला हे थांबण्याचं खूळ लागलं होतं. कधी लाटणं हवेत धरून उभा, तर कधी झाडू खोलीच्या मधोमध टेकवून. मागच्या आठवड्यात आमटीची फोडणी करपली, आणि आज बस चुकली म्हटल्यावर बाबांचा धीर संपला.

"म्हातारा झालाय तो," ते म्हणाले. "परवा कंपनीचा माणूस येईल. ह्याला नेईल आणि नवा देईल."

"पण नव्याला मी ठाऊक नसेन."

"होईल हळूहळू ओळख."

"आणि ह्याच्या आठवणी?"

जुना यंत्रमानव परत गेला की त्याच्या आठवणी पुसतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला रडू आलं, आणि धोंडूसमोर नको म्हणून मी अंगणात जाऊन रडले.

नशीब माझं, की त्याच दुपारी आत्याआजी आली. आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. तिनं सारी नोकरी रेडिओ दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या प्रचंड तबकड्यांवर) केली. तिला प्रश्न विचारला की ती उलट आपल्यालाच प्रश्न विचारते, त्यामुळे नातेवाईक तिच्यापासून जरा लांबच बसतात. मला ती फार आवडते.

"रडायलीस कशाला, शरू?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तशी ती बाबांकडे वळली. "मोडीत काढायच्या आधी त्याला काय होतंय ते तरी विचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. तिनं विचारलं.

"मी थांबत नाही, आत्याआजी," धोंडू म्हणाला. "मी उत्तराची वाट बघतो."

आत्याआजीनं मला शेजारी बसवलं. "ह्याच्या छातीत छोटा मेंदू आहे, तोल सांभाळण्यापुरता. मोठा मेंदू लांब कुठल्या तरी गावातल्या संगणकात. वेणी कशी घालायची, फोडणी कधी द्यायची, हे तो तिकडं विचारतो. त्याचा प्रश्न आधी राउटरकडं (घरातल्या यंत्रांना बिनतारी इंटरनेट पुरवणाऱ्या पेटीकडं) जातो आणि तिथून तारेनं गावाबाहेर. उत्तर त्याच वाटेनं परत येतं. उत्तर आलं नाही तर हात हलवायचा नाही, असा त्याचा नियम. कुणाला इजा होऊ नये म्हणून. आता सांग, वाट कुठं अडली असेल?"

मी विचार केला. "धोंडूत, नाहीतर बाहेरच्या तारेत, नाहीतर घरातच कुठेतरी."

"मग बघू."

आमचा राउटर पुढच्या खोलीत, दाराजवळच्या ठेंगण्या स्टुलावर होता. आत्याआजीनं धोंडूला त्याच्याशेजारी उभं केलं आणि स्वतःचे पांढरे केस सोडून त्याच्यापुढे बसली. धोंडूनं एका दमात वेणी घातली, वर रिबिनीचं फूलही केलं.

"म्हणजे धोंडू ठीक, आणि बाहेरची तारही ठीक," मी म्हणाले. "राउटरपासून स्वयंपाकघरापर्यंतच काहीतरी बिनसलंय."

"मी राउटर बंद करून चालू केला होता," बाबा म्हणाले. "काही फरक नाही. शेजारी घरोघरी राउटर आहेत, त्यांची गर्दी होत असेल. नवाच आणतो, जागाही बदलतो, आणि..."

"एका वेळी एकच," आत्याआजी म्हणाली. "चार औषधं एकदम घेतलीस, तर गुण कशानं आला ते कसं कळायचं?" तिनं राउटरचा चॅनेल (लहरींनी जायचा ठरलेला पट्टा) बदलून शेजाऱ्यांपासून वेगळा केला. धोंडू स्वयंपाकघरात गेला आणि तांब्या उचलता उचलता अडला. म्हणजे शेजाऱ्यांचा दोष नव्हता.

"शरू, हा रोज अडतो का?"

मी डोळे मिटून आठवू लागले. परवा त्यानं सगळं घर न थांबता झाडलं होतं. परवा मी अंघोळ केली नव्हती, नुसतं तोंड धुतलं होतं. फोडणी करपली त्या दिवशी मात्र बाबा दोन बादल्या घेऊन निवांत अंघोळीला बसले होते.

"पाण्याच्या दिवशी," मी म्हणाले. "पाण्याच्या दिवशी तो फार अडतो. मग रोज थोडा थोडा सुधारतो."

इथं आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. माणसं चंद्रावर राहायला गेली, पण आमच्या निंबळीत नळाला अजून चार दिवसांआडच पाणी येतं. त्या पहाटे घरातलं एकही भांडं रिकामं राहत नाही. यंदा उन्हाळा लागला तशी बाबांनी दोन मोठी निळी पिंपं आणून पुढच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात ठेवली होती. पिंपांवर फळी, फळीवर स्टीलच्या घागरी.

बाबांना हसू आलं. "अगं, नळाला पाणी येतं. इंटरनेट नाही."

आत्याआजी हसली नाही. ती बोळात जाऊन पिंपांकडे बघत उभी राहिली.

"रिकामी करून बघायची का?" बाबांनी विचारलं, आणि आपणच जीभ चावली. पाणी ओतून देऊन प्रयोग करणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय.

"पाण्याला हात लावू नकोस. राउटर हलव," आत्याआजी म्हणाली.

बाबांनी राउटर माळ्याच्या कडेला, पार छताजवळ नेऊन ठेवला. धोंडूनं कणकेचा गोळा घेतला. एक पोळी झाली, दुसरी झाली, तिसरी तव्यावर पडली. मी टाळ्या पिटल्या.

"आता खाली आण," आत्याआजी म्हणाली.

"कशाला? बरा झाला की."

"एकदा झालं तर तो योगायोगही असतो."

मला ते अजिबात नको होतं. पण धोंडूच म्हणाला, "आणा, बाबा. मलाही बघायचंय."

राउटर स्टुलावर आला आणि धोंडूचं लाटणं हवेत थांबलं. राउटर पुन्हा वर गेला, आणि लाटणं पोळीवर उतरलं.

मग आत्याआजीनं नीट उलगडून सांगितलं. राउटरच्या लहरी लाकडातून, कापडातून सहज जातात. भिंतीतून जाताना थोड्या थकतात. धातूवर आपटून परत फिरतात. आणि पाणी तर त्यांना पिऊनच टाकतं. लहर पाण्यात शिरली की पाण्याचे रेणू (पाण्याचे सर्वांत बारीक कण) तिच्या तालावर हलायला बघतात. त्या हलण्यात लहरीची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते.

"मग पिंपातलं पाणी तापतं का?"

"तापतं, पण इतकं कमी की अंघोळीला काही उपयोग नाही. तुझ्या अंगातही पुष्कळ पाणी आहे. तूसुद्धा मध्ये उभी राहिलीस की थोड्या अडवतेस."

धोंडू पोळी उलटता उलटता म्हणाला, "पिंपं मी भरतो. काठोकाठ, कारण ताईला पाणी पुरायला हवं. म्हणजे माझी वाट मीच अडवत होतो."

बाबांनी फोन उचलला आणि कंपनीच्या माणसाला परवा येऊ नका म्हणून सांगितलं. मग धोंडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलं माझं, धोंडू. तुला न विचारताच ठरवलं मी."

जाताना आत्याआजीनं तिचा एक जुना राउटर मला दिला आणि सवयीप्रमाणे एक प्रश्नही. "भरलेलं पिंप लहरी अडवतं, रिकामं सोडतं. मग पलीकडं किती लहरी पोचल्या ते मोजलं तर?"

तिच्या प्रश्नावर धोंडू आणि मी बरेच दिवस झटलो. जुना राउटर आम्ही मुद्दाम डाव्या पिंपामागे खाली ठेवला, आणि त्याच्या किती लहरी पिंपापलीकडे पोचतात ते धोंडू मोजू लागला. हे जमलं, तर पुढे गावाची टाकी, विहिरी, सगळ्यांचं पाणी असंच मोजता येईल आणि जपून वाटता येईल. मोठी होऊन मी तेच करणार आहे.

काल सकाळी धोंडू वेणी घालत होता. त्याची पाठ बोळाकडे होती.

"ताई, डावं पिंप निम्म्याच्या खाली गेलं," तो म्हणाला. "नळाला पाणी येईपर्यंत केस धुवायचे नाहीत."

मी वाकून पाहिलं. खरंच निम्म्याच्या खाली होतं. बोलताना त्याचा हात एकदाही थांबला नव्हता. मी दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा बस अजून यायची होती.