दोनदा नको

त्या काळी ॲप लिहायला कॉम्प्युटर लागत नसे. फोनवरच अंगठ्याने जावास्क्रिप्टच्या दहा-वीस ओळी टाइप केल्या की ॲप तिथल्या तिथे चालू. कंस सुटला, एखादा शब्द चुकला, तरी फोनमधला 'हेतुपूरक' सांभाळून घेई. लिहिलंय काय यापेक्षा लिहिणाऱ्याला म्हणायचंय काय, हे तो ओळखायचा आणि तेच चालवायचा. लोकांना त्याचं भारी कौतुक. शर्वाणीलाही होतं, वडिलांचं ऑपरेशन होईपर्यंत.

अर्धांगवायूने आप्पांची वाचा गेली, तेव्हा तिने त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याच फोनवर ॲप लिहिलं. दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. जे दाबाल ते फोन मोठ्याने बोलणार. आप्पांचं उजव्या हाताचं एक बोट हलत होतं, तेवढ्यावर भागणार होतं.

मेंदूचं ऑपरेशन करायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती औषधं आणायला खाली गेली होती. आप्पांनी 'नको' दाबलं. फोन 'नको' म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आप्पांनी पुन्हा तेच दाबलं. फोन म्हणाला, "बरं, एवढं म्हणताय तर करा." डॉक्टरांनी ती संमती मानली.

आप्पा वाचले. ते बोट मात्र कायमचं थांबलं. आता नको म्हणायचीही सोय उरली नाही.

"माझ्या कोडमध्ये हे वाक्यच नव्हतं," हेतुपूरक बनवणाऱ्या डॉ. टिकेकरांच्या केबिनमध्ये शर्वाणी उभ्यानेच म्हणाली. संतापाने तिचा आवाज चिरकत होता. "नको म्हणजे नको. त्यात ओळखायचं काय होतं?"

"तो आपल्याच घरांतल्या बोलण्यातून शिकला हो. पंगतीत 'नको, नको' म्हणणाऱ्याच्या पानात आपण जिलबी वाढतोच. तोही खातो. दोनदा नको म्हणजे आग्रह करा, हे त्याने आपल्याकडूनच उचललं."

"माझे वडील पंगतीला बसले नव्हते. काढून टाका तो. मी लिहिलंय तेवढंच चालू द्या."

"आता नाही काढता येत. सगळे व्यवहार त्याच्यावरच चालतात." टिकेकर खरंच दिलगीर दिसत होते, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली. त्यांनी थर्मास पुढे ओढला. "दमून आलात. चहा घ्या."

"नको."

"थोडासा."

"नको म्हटलं ना."

"घ्या हो, अर्धाच कप," म्हणत टिकेकरांनी तिच्यापुढचा कप काठोकाठ भरला.