कागदावरची स्लोवाक

"या घरचं पाणीसुद्धा नको मला!" हातातली पेटी उंबऱ्याबाहेरच ठेवून पिरोश्का म्हणाली, आणि माशांचा लाल रस्सा ढवळणारा एतेल्काचा डाव जागच्या जागी थबकला... आठ वर्षांनी धाकट्या बहिणीचं तोंड दिसलं, आणि त्यातून पहिले शब्द हे!

खरं तर करणी सांस्कृतिक समितीची. मैत्री-सप्ताहासाठी डॅन्यूब ओलांडून हंगेरीहून आलेल्या गायिकांना मुद्दाम स्लोवाक घरांतच उतरवायचं, म्हणजे दोन देशांचा बंधुभाव कसा डोळ्यांत भरेल, असं तिथं ठरलं होतं. आणि कागदोपत्री एतेल्का स्लोवाक होती, म्हणून त्या गायिकांतली पिरोश्का नेमकी तिच्याच दारी आली! दुसऱ्या महायुद्धानंतर नदीच्या या, स्लोवाक काठावरच्या हंगेरियनांना फर्मान सुटलं होतं... आम्ही मूळचे स्लोवाकच, असं लिहून द्या, नाहीतर घरदार सोडून नदीपार जायची तयारी ठेवा. एतेल्कानं सही केली. पिरोश्कानं केली नाही. नवऱ्यासह तिची रवानगी झाली. आई इथंच राहिली, इथंच गेली.

"रात्री हंगेरियन म्हणून झोपलीस, सकाळी स्लोवाक होऊन उठलीस! आईला काय वाटलं असेल गं?"

एतेल्का एवढंच म्हणाली, "आत ये. रस्सा निवेल."

कुंपणापलीकडे रोझालमावशी मघापासून एकच चादर वाळत घालत होती.

"एतेल, तू बोलतेस की मी बोलू?"

"मावशी, तुम्हाला माझी शपथ आहे!"

"आठ वर्षं पाळली ती शपथ, आता पोट फुटेल माझं! पिरी, ऐक. तुझ्या आईनंच सहीसाठी हिचे पाय धरले. अंथरुणाला खिळलेली बाई ती... तिला तुझ्या बापाच्या थडग्याशेजारीच निजायचं होतं. वर म्हणाली, पिरीला सांगू नकोस, ती मला भेकड म्हणेल! म्हणून ही स्वतःलाच भेकड म्हणवून घेत बसली."

पिरोश्का उंबरा ओलांडून आत आली. "ताई... एका अक्षरानं कळवलं नाहीस!"

"आईवर रागावली असतीस. माझ्यावर रागावायची तुला लहानपणापासून सवयच होती."

हुंदका आणि हसू एकदमच फुटलं, आणि पिरोश्का बहिणीच्या कुशीत शिरली. आठ वर्षांचं ओझं असं चुलीपुढे उभ्या उभ्या उतरेल, हे एतेल्काला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

तेवढ्यात समितीचे चिटणीस वही घेऊन हजर. "पाहुण्यांची गैरसोय नाही ना? हवं तर शाळेच्या मास्तरांकडे हलवू."

"मी कुठ्ठं जाणार नाही!" पिरोश्का डोळे पुसत म्हणाली. "आणि उद्याच्या कारखाना-भेटीतून माझं नाव काढा. मी ताईबरोबर स्मशानभूमीत जाणार आहे, आमच्या आईकडे."

चिटणीसांनी दोघींची एकसारखी नाकं निरखली, हातातली यादी पाहिली, आणि वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिलं: "बंधुभाव पहिल्याच दिवशी साधला."

"लिहून झालं?" एतेल्कानं तिसरी थाळी मांडली. "मग जेवूनच जा."