वरच्या ओढ्यावरचा व्हॉल्व्ह

जाळ जरा पुढे सारा, आणि त्या कुत्र्याला आत घ्या. सांगतो, पण मध्ये कुणी बोलायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो नोल्बेर्तो अजून खालच्या गल्लीत राहतो. त्यानं मला हे एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं, तर टोपी घालून उठून गेला.

दोन हजार अठराचा मे महिना, एकोणीस तारीख, शनिवार. एवारिस्तो इंजिनिअरला जाऊन नऊ दिवस झाले होते. तुम्ही त्याला काठी टेकत चालतानाच पाहिलंत. पण त्या माणसानं तीस वर्षं सरकारी नोकरीत नद्यांचं पाणी तपासलं होतं. कारखान्यांच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, बाटल्या भरायच्या, अहवाल लिहायचा. अहवाल कपाटात जायचा. "तीस वर्षं मी कपाटाला पत्रं लिहिली," असं म्हणायचा. निवृत्त झाला आणि वैतागून इकडे डोंगरात आला. इकडे मात्र त्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ. बर्फात तंबू ठोकून राहायचा, दिवसभर गळ टाकून बसायचा आणि सापडलेला मासा परत पाण्यात सोडायचा. लोक चिडवायचे, "इंजिनिअर, तुम्ही माशाला पकडता की मासा तुम्हाला?"

गावाला नळ त्यानंच दिला. वरच्या ओढ्याला बांध, बांधाशेजारी लाकडी खोपट, आणि खाली दोनशे पावलांवर लोखंडी झाकणाचा खड्डा. त्या खड्ड्यात व्हॉल्व्ह. ओढा गढूळ झाला की तो बंद करायचा, म्हणजे चिखल गावच्या टाकीत उतरत नाही. फार जड व्हॉल्व्ह, एकट्याचं काम नव्हे. आडव्या दांड्याचं एक टोक एवारिस्तो धरायचा, दुसरं नोल्बेर्तो, आणि बत्तीस फेरे घालायचे. एकवीस वर्षांत आपल्या नळाला एकदाही गढूळ पाणी आलं नाही. म्हाताऱ्याला अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा.

तर त्या शनिवारी नवव्या रात्रीची प्रार्थना साडेनऊला संपली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवव्याचं म्हणून सगळ्या गावाचं जेवण, नव्वद माणसं. आणि दुपारपासून पाऊस लागलेला. नोल्बेर्तो नऊ रात्री लाकडं फोडत होता, खुर्च्या वाहत होता, आल्यागेल्याचं बघत होता. त्याला उभ्या उभ्या झोप येत होती. तरी त्यानं कंदील उचलला. इंजिनिअरच्या बायकोनं, इल्दाबाईनं, त्याला दारात अडवलं.

"नोल्बेर्तो, तुझे डोळे बघ कसे झालेत. दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

"दुसरं कोण आहे बाई? पाऊस आला की सगळ्या गावाचे गुडघे धरतात. माझे बारा महिने धरलेलेच असतात, मला फरक पडत नाही."

"माझ्या पुतण्याला तरी जोडीला ने. व्हॉल्व्हला दोन माणसं लागतात."

"तुमचा पुतण्या चौथ्या पेल्यावर आहे. त्याला वर न्यायलाच दोन माणसं लागतील."

इल्दाबाई हसली, आणि हसता हसता रडली. म्हणाली, "उद्याच्या जेवणात तेवढा चिखल नको रे. त्यांच्या नवव्याला तरी नको."

"नाही येणार," नोल्बेर्तो म्हणाला, आणि निघाला.

खोपटात पोचल्यावर अकराला त्यानं ओढ्याचं पाणी पेल्यात धरून पाहिलं. स्वच्छ. बाराला पाहिलं, स्वच्छ. एक वाजताही स्वच्छच. टाकी अर्धी रिकामी होती, नव्वद माणसांचा स्वयंपाक व्हायचा होता, म्हणून आताच व्हॉल्व्ह बंद करून चालणार नव्हतं. दर तासाला बघत जागं राहणं, एवढंच काम होतं. पण तेवढं बळही त्याच्यात उरलं नव्हतं. डोळा लागू नये म्हणून त्यानं चुलीवर किटली ठेवली आणि भोपळ्याच्या तुंब्यात माते या कडू चहाचा पाला भरला.

आता आपल्याकडे माते कशी पितात ते तुम्हाला सांगायला नको. एकच तुंबा, ओढायची एकच नळी, किटलीतलं पाणी भरणारा एक. पहिला तुंबा भरणाऱ्यानं स्वतः ओढायचा, मग समोरच्याला द्यायचा. समोरचा तुंबा परत करताना "आभारी आहे" म्हणाला तर त्याचं झालं. तो गप्प राहिला तर भरणाऱ्यानं भरत राहायचं, मग रात्र का सरेना. एवारिस्तोच्या तोंडून तो शब्द कधी निघायचा नाही. किटली संपली तरच उठायचा.

नोल्बेर्तोनं पहिला तुंबा स्वतः ओढला. दुसरा भरला आणि सवयीनं समोरच्या बाकावर ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं. त्याला फार वाईट वाटलं. नऊ दिवसांत रडायला सवड मिळाली नव्हती, तो तिथे बसून रडला. डोळे पुसले आणि तुंबा परत घेतला.

रिकामा होता.

आपणच ओढला असेल, त्याला वाटलं. झोपेत माणूस काहीही करतो. त्यानं पुन्हा भरला. समोर ठेवला. या वेळी हात मांडीखाली दाबून बसला.

नळीतून आवाज आला... तळाशी आल्यावर येतो तो.

रिकामा.

तो पळाला का नाही, असं मीही विचारलं. म्हणाला, "पळण्याइतकं बळ नव्हतं. आणि तो 'आभारी आहे' म्हणाला नव्हता. भरायचं सोडून कसा उठू?"

म्हणून तो भरत राहिला. दोन वाजले. समोर कुणी दिसत नव्हतं. बाक तेवढा मधूनच करकरायचा. "इंजिनिअर," नोल्बेर्तो एकदा म्हणाला, "मी दमलोय हो..." तीन वाजले. एकवार डोळा मिटला, तर रिकामा तुंबा गुडघ्याला टेकला. गार. डोळा उघडला. भरला. ठेवला.

तीन वाजून चाळीस मिनिटं.

तुंबा भरला. ठेवला. थांबला.

आवाज नाही.

उचलला... जड. भरलेला. तसाच.

बाक करकरला नाही. काहीच नाही. नोल्बेर्तो कान देऊन बसला. छपरावर पाऊस वाजत होता... आणि ओढा...

ओढा वाजत नव्हता.

भर पावसात ओढा गप्प झाला, म्हणजे वर दरड कोसळून पाणी अडलं. ते सगळं एकदम येणार. तो उठला. कंदील राहिला. अंधारात उतारावरून धावत सुटला. व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी थांबला. झाकणाच्या कुलपाची किल्ली गळ्यात होती. बत्तीस फेरे. दोन माणसांचे. माणूस जाऊन नऊच दिवस झालेत, त्याला वाटलं, आणि मी त्याचं नाव चिखलात घालतोय... किल्ली हातात घेतली. तेवढ्यात वर काहीतरी गुरगुरलं. जमीन हलली.

तो पळाला. किल्ली तशीच मुठीत. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

चिखलानं खोपट नेलं, बांध नेला. पहाट होईतो नोल्बेर्तो इल्दाबाईच्या ओट्यावर बसून राहिला. तिला खरं सांगायचं त्याच्या जिवावर आलं. उजाडल्यावर तिनं स्वयंपाकघरात नळ सोडला. त्यानं कान झाकून घेतले.

पाणी स्वच्छ आलं. शेवटपर्यंत. टाकीत चिखलाचा थेंब नव्हता. नव्वद माणसं जेवली. ज्यानं त्यानं नोल्बेर्तोची पाठ थोपटली, "एकट्यानं बंद केलास गड्या!" तो मान खाली घालून जेवला.

दुपारी चारच्या सुमाराला तो एकटाच वर गेला. खड्डा एका उंच खडकाच्या आडोशाला होता, तेवढा वाचला होता. झाकणाला कुलूप जसंच्या तसं. त्याची दुसरी किल्ली नाही. त्यानं कुलूप काढलं, आत उतरला, दांड्याचं आपलं टोक धरून जोर लावला. दांडा हलेना. व्हॉल्व्ह पार शेवटपर्यंत आवळलेला होता.

मग त्यानं टोकावरचा हात काढून पाहिलं. तळव्याला हिरवं लागलं होतं. एवारिस्तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता, म्हणून नोल्बेर्तोच्या टोकावर ओल्या शेवाळाचा पातळ थर धरला होता. पलीकडच्या, एवारिस्तोच्या टोकावर शेवाळ नव्हतं. गंजही नव्हता. ते टोक घासून घासून लख्ख झालं होतं.