उतावळा गुडघा

लोक माणसांना चेहऱ्यावरून ओळखतात, मी चालीवरून. म्हणूनच त्या रविवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या लावायच्या जागेत, एक पाठमोरा माणूस दिसला आणि माझ्या हातातला थर्मास पडता पडता राहिला. डावा पाय किंचित उशिरा उचलायची ती लकब... तोच तो. लिफ्टवाला!

माझा पेशंट. म्हणजे, गेल्या महिन्यापर्यंत. लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खड्ड्यात उतरताना पाय घसरला, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं आणि मग कितीतरी महिने तो आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, माझ्या टेबलावर. व्यायाम कमी, गप्पाच जास्त. एकदा म्हणाला होता, "मॅडम, चहाला येता का?" आणि मी मान वर न करता उत्तर दिलं होतं, "पेशंटबरोबर चहाला जायची आमच्यात पद्धत नाही." बरा होऊन गेला, आणि तेव्हापासून माझं लक्ष दवाखान्याच्या दाराकडे जरा जास्तच जायला लागलं. पण तो फिरकलाच नाही.

"तुम्ही? इथे?"

तो वळला. आधी चेहऱ्यावर चोराच्या मनातलं चांदणं, मग ते नेहमीचं हसू.

"मॅडम! तुम्हीच म्हणालात ना, आता बिनधास्त चाला."

"चाला म्हटलं होतं. चढा नव्हतं म्हटलं."

"लिफ्टवाल्याला वर-खाली सोडून येतं काय दुसरं?"

माझ्या ताईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. घरात बसून जगाची काळजी करण्यापेक्षा कड्यावर उभं राहून जग बघ, असं म्हणत तिनं आणि भावजींनी मला त्या दिवशी अक्षरशः उचलून आणलं होतं. आता मात्र तिला एकाएकी घाई झाली.

"एकटेच आलात? मग चला की आमच्याबरोबर!" असं म्हणाली, भावजींचा दंड धरला आणि पायाला चाकं लावल्यासारखी पुढे निघून गेली. वळणाआडून तिचं खुदकन हसणं तेवढं ऐकू आलं.

राहिलो आम्ही दोघं.

पायवाट सुरुवातीला झाडीतून जात होती. पानांवरचं दव बाह्यांना लागत होतं, धुकं झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळत होतं. दुसरी कुणी असती तर खुशीत गेली असती. मी मात्र वाटेतला एकेक सुटा दगड बघत होते आणि मग त्याचा पाय.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"मघापासून तुम्ही माझ्याकडे बघताय... की माझ्या गुडघ्याकडे?"

"गुडघ्याकडे."

"वाटलंच मला," त्यानं सुस्कारा सोडला. "नशीबवान आहे हो माझा गुडघा!"

मी हसले, पण नजर काही त्या गुडघ्यावरून हलेना. 'कामावर जाण्यास हरकत नाही' असं मीच तर लिहून दिलं होतं. माझी सही होती खाली. तो गुडघा पुन्हा गेला तर हा माणूस जन्मात कधी लिफ्टच्या खड्ड्यात उतरू शकणार नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती! माझ्या मनानं तोवर त्याला स्ट्रेचरवरही घातलं होतं.

झाडी संपली आणि खडक सुरू झाले. गुडघाभर उंचीचे, ओबडधोबड टप्पे. तो पुढे, मी मागे. पहिल्या टप्प्यावर त्यानं उजवा पाय टाकला. दुसऱ्यावरही उजवाच. तिसऱ्यावर तरी डावा यायला हवा होता... त्यानं थांबून, पाय बदलून, पुन्हा उजवाच टाकला.

दुखऱ्या पायाचं माणूस चढताना चांगला पाय पुढे करतं. हे कुणी शिकवावं लागत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "पुढचा टप्पा डाव्या पायानं चढून दाखवा."

"मॅडम, आज रविवार आहे. सुट्टी द्या की."

"दाखवा."

त्यानं डावा पाय टाकला, जोर दिला. तोंडातून आवाज आला नाही, पण ओठ घट्ट मिटले गेले.

"कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच... जरासं."

"खरं सांगा."

तो तिथल्या एका दगडावर बसला. कडा कुठे आहे ते धुक्यात दिसतही नव्हतं.

"थांबलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला.

शेवटच्या दिवशी मी त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या होत्या. दुखतंय का, म्हणून खोदून खोदून विचारलं होतं. आणि हा हसत म्हणाला होता, 'छे हो!'

"का? का खोटं बोललात?"

"दुखतंय म्हटलं असतं तर तुम्ही अजून तीन महिने बोलावलं असतंत. आणि तोवर मी... पेशंटच राहिलो असतो."

"मग आला का नाहीत नंतर?" नको तेच पटकन तोंडून गेलं.

"आलो होतो ना. दोनदा. तुमच्या मजल्यापर्यंत आलो, लिफ्टचं दार उघडलं आणि... परत खाली गेलो." त्यानं मान खाली घातली. "वाटलं, आधी कड्यावर जाऊन यावं. म्हणजे ताठ मानेनं सांगता येईल, बघा, ठणठणीत झालो, आता चहाला चला."

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. जिंकला तो राग.

"अक्कल आहे का तुला? हा गुडघा गेला तर काम कोण करणार तुझं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण गुडघाच मोडून घ्यायला निघालेला नवरा मी आजच बघतेय!"

बोलले आणि जीभ चावली. त्याच्या भुवया सावकाश वर चढल्या.

"नवरा? मी तर... नुसता चहाच म्हणालो होतो."

एरवी मी हसून लाजून लाल झाले असते. पण मला रडूच फुटलं. रागाचं, भीतीचं, कसलं कोण जाणे. ते बघून त्याचं हसू पार मावळलं.

"चुकलो," तो म्हणाला. "खरंच चुकलो. पण कडा आता दहा मिनिटांवर आहे हो. इतकं आलोच आहोत तर—"

"ती दहा मिनिटं पुन्हा उतरायचीही आहेत. आपण परत जातोय."

मी ताईला फोन करून सांगितलं, आणि आम्ही कडा न बघताच वळलो.

उतरताना मी पुढे झाले आणि त्याला माझ्या खांद्यावर हात ठेवायला लावलं. "डावा आधी. आता उजवा. घाई नको." हे शब्द मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. पण आज खांद्यावरच्या त्या उबदार तळव्याचं ओझं कानशिलांपर्यंत जाणवत होतं. त्याचा श्वास मानेजवळ अडखळला की माझाही अडखळत होता.

शेवटच्या टप्प्याशी बारीक खडी होती. तिच्यावरून त्याचा पाय सरकला. मी गर्रकन वळले आणि त्याला कमरेशी घट्ट धरलं. क्षणभर त्याचा सगळा भार माझ्यावर आला. दोघंही तसेच उभे राहिलो. कुणाचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं, तेही कळेना.

"सोडलं तरी चालेल आता," तो कुजबुजला.

"गप्प बस."

पायथ्याशी बाक होता. मी त्याला बसवलं, पॅण्ट दुमडायला लावली आणि समोर उकिडवी बसले. वाटीच्या बाजूला सूज आली होती.

"इथे दुखतंय?"

"हो."

"इथे?"

"हो... खूप." या खेपेला तो हसला नाही.

मी पोटरी धरून गुडघा पुढे ओढून पाहिला. ढिला लागतोय का? नाही. की थोडासा? पुन्हा ओढला. इतके महिने ज्या गुडघ्याची मला खडान्खडा माहिती होती, तो आज मला कळेना. मी हात काढून घेतले.

"म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून," तो म्हणाला. आवाजात वाईट वाटल्याचा आव होता, पण डोळे मात्र चमकत होते. "उद्या किती वाजता येऊ?"

"येऊ नकोस."

त्याचा चेहरा उतरला.

"आमच्या मोठ्या मॅडमकडे जायचं. उद्याच. त्या कडक आहेत. दुखत नाही म्हटलं की त्या दुप्पट दाबतात."

"आणि तुम्ही? इतक्या रागावलात? तुम्ही नाही बघणार?"

"नाही." मी पॅण्टची दुमड खाली सोडली. "आपल्या माणसाचा गुडघा मी बघत नाही. हात कापतात माझे."

त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. ते खरोखरच कापत होते. वरच्या वळणावरून ताई हाका मारत होती. आम्ही दोघांनीही ओ दिली नाही.