फाटकवाल्याची साक्ष

"कागदावर अंगठा माह्या घरधन्याचाच आहे, जी. पण त्या कागदात अर्धीच गोष्ट आहे."

१९५४ चा हिवाळा. दवनीवाड्याची धुरपता गोंदियात भैयाजींच्या ओसरीवर बसली होती. भैयाजी पूर्वी पोलिसात होते. आता अडल्यानडल्यांसाठी खाजगी तपास करत. शेजारी त्यांचा नेहमीचा सोबती चैतराम होता.

धुरपताचा नवरा उदाराम आणि गावातलाच बकाराम भागीदारीत धानगिरणी काढणार होते. उदारामनं आपल्या हिश्शापोटी बकारामला प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे देण्याची वचनचिठ्ठी, लिहून दिली. बोली अशी होती, की गिरणीचा परवाना मिळाला तरच नोट लागू. नाहीतर ती रद्दी. परवाना मिळाला नाही. नोट परत घेण्याआधीच उदाराम तापानं गेला आणि बकारामनं दावा लावला. आता धुरपताची धानाची बांधी, होतं तेवढं शेत, जाणार होतं.

"तोंडी बोली कोर्टात चालते?" चैतरामनं विचारलं.

"नोट लिहिल्यावर 'पैसे सावकाश दे' म्हटलं, तर ते कागदापुढं टिकत नाही," भैयाजी म्हणाले. "पण अमुक झाल्याशिवाय नोट लागूच व्हायची नाही, असं आधी ठरलं असेल, तर कोर्ट ऐकतं. साक्षीदार मात्र पाहिजे."

नोट लिहिताना बसलेला साक्षीदार एकच होता: रेल्वे फाटकावरचा बिसराम, चैतरामचा लहानपणचा मित्र.

आधी ते बकारामकडे गेले.

"कसली बोली?" बकाराम हसला. "बिसरामले विचारा. तो खोटं बोलत नाही, म्हणून तर त्यालेच बसवलं. मोठ्यानं बोला मात्र. फाटकावर गाड्यांचा गोंगाट असते."

फाटकावर बोचरी थंडी होती. भैयाजींनी तोंडावरून गमछा गुंडाळूनच पहिला प्रश्न विचारला. बिसराम नुसता पाहत राहिला. गमछा खाली सरकला, तसा तो बोलू लागला.

"माह्या कानावर काहीच आलं नाही, जी. कोर्टातही हेच सांगीन."

वळणापलीकडं शिटी झाली. बिसराम बोलतच होता. त्याची बायको शामकला धावत आली, तिनं दंडाला हात लावला, तेव्हा तो झेंडी घेऊन उठला.

गाडी निघून गेल्यावर चैतराम हळूच म्हणाला, "बाई हरली. बिसराम खोटं बोलणार नाही."

"नाहीच बोलला."

भैयाजी चैतरामकडे पाठ करून बिसरामसमोर उभे राहिले. त्यांचा आवाज काही आला नाही.

"शामकला, चहा ठेव. पाहुण्यांले घ्यायचा आहे," बिसराम म्हणाला.

चैतराम चमकला. चहा कुणी मागितला?

"मी मागितला, नुसते ओठ हलवून," भैयाजी म्हणाले. "गमछ्याआडचा प्रश्न तुम्हाला कळला नाही. शिटी ऐकू आली नाही. बिसरामभाऊ, तुमचे कान गेले आहेत. तुम्ही ओठ वाचता. तुम्हाला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, हे बकारामला ठाऊक होतं; 'मोठ्यानं बोला' असं तोच आम्हाला म्हणाला. म्हणून त्यानं तुम्हाला बसवलं आणि हलक्या आवाजात बोली केली. ओठांचं त्याला ठाऊक नव्हतं. कानावर आलं नाही, हे खरं. डोळ्यांनी काय पाहिलं?"

"नोकरी जाईल हो!" शामकला रडू लागली.

बिसरामनं हातातली झेंडी गुंडाळून खाली ठेवली.

"परवाना येतपर्यंत हा कागद धरायचा नाही. बकारामच बोलला."

"मंग सांगितलं काऊन नाही?" चैतरामनं विचारलं.

"कसं समजलं, ते सांगा लागलं असतं." तो थांबला. "सांगतो आता. तसंही एखाद्या दिवशी शामकला विहिरीवर असती, अन् गाडी आली असती, तर?"

कोर्टात न्यायाधीशांनी कारकुनाला आवाज न काढता वाक्यं बोलायला लावली. बिसरामनं ती जशीच्या तशी म्हणून दाखवली. दावा फेटाळला गेला, बांधी वाचली. रेल्वेनं बिसरामला कामावरून कमी केलं.

फाटकावरचं घर सुटलेल्या बिसराम-शामकलाला धुरपतानं दवनीवाड्यात आपल्या घरची एक खोली दिली. चैतराम भेटायला गेला, तेव्हा बिसराम अंगणात बसला होता.

"इतक्या वर्षांचा मित्र, अन् मले समजलं नाही रे," चैतराम त्याच्यासमोर बसून म्हणाला. "आमच्यापायी नोकरी गेली. राग आला असेल?"

"राग नाही. शामकलाले आता रात्री झोप लागते." बिसरामनं आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पण दिवसभर मी करू काय, ते सांग."